दाखला नसलेल्यांचें गाणें

गेल्या माघांत सोलापुरास आमच्या एका आप्तांच्या घरीं लग्न झालें. घर जुन्या वळणाचें. तिघां भावांचा संसार अजून एकाच चुलीवर चालतो. कुलस्वामिनी तुळजापूरची, तेव्हां लग्नानंतर गोंधळ घालणें ओघानेंच आलें. तुळजापूर सोलापुरापासून अवघ्या पंचेचाळीस किलोमीटरांवर, आणि इकडच्या घरांतून गोंधळावांचून लग्नाची सांगता झाली असें कोणी मानीत नाहीं. रात्रीं दहाच्या सुमारास ओसरीवर चौक भरला, पांच उसांचा मांडव उभा राहिला, कलश मांडला, दिवटी पाजळली, आणि संबळावर पहिली थाप पडतांच पेंगुळलेलीं मुलेंसुद्धां डोळे चोळीत उठून बसलीं.

गोंधळ्यांचा नायक साठी ओलांडलेला होता. त्यानें प्रथेप्रमाणें देवतांना आवाहन करावयास आरंभ केला. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं तें ऐकलेलें असेल; आम्हींही लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु त्यांतली एक गोष्ट त्या रात्रीं प्रथमच ध्यानांत आली. गोंधळांत नुसत्या देवीस कधीं हांक जात नाहीं. भवानी तुळजापूरची, रेणुका माहूरची, लक्ष्मी कोल्हापूरची, खंडोबा जेजुरीचा; ज्याला बोलवावयाचें त्याला त्याच्या गांवासकट बोलवावयाचें. जणूं देवादिकांची शिरगणतीच चालली होती, आणि तींत कोणाचेंही नांव गांवाविना लिहिलें जात नव्हतें.

सकाळीं शिधा व बिदागी घेऊन निघतांना त्याच नायकानें पिशवींतून घडी घालून ठेवलेला एक कागद काढला आणि घरांतल्या वडील वहिनींपुढें धरला. "वैनीबाई, ह्ये जरा वाचून सांगता का?" नातू दहावी झाला होता. पुढच्या शिक्षणासाठीं जातीचा दाखला हवा, म्हणून केलेला अर्ज एका कचेरींतून परत आला होता. त्यावर शेरा होता : पूर्वजांचा दिनांक २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वींचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा जोडावा. वहिनींनीं तो वाचून त्याचा अर्थ सांगितला. म्हातारा क्षणभर गप्प राहिला, आणि मग कोणावरही न रागावतां म्हणाला, "माझ्या बापाचं घर इचारत्यात. बापाला घर न्हवतं, वैनीबाई. पाल हुतं."

ज्यानें रात्रभर साऱ्या देवतांचीं गांवें बिनचूक सांगितलीं, त्याला स्वतःच्या बापाचें गांव सिद्ध करतां येईना. आजचा लेख ह्या एका विसंगतीनें आम्हांस लिहावयास लाविला आहे.

हा २१ नोव्हेंबर १९६१ कोण, हें आपल्यासारख्यांस ठाऊक असण्याचें कारण नाहीं. आपल्या वाटेंत तो क्वचितच आडवा येतो. महाराष्ट्रांत जातीचा दाखला काढावयाचा तर एका ठराविक दिवशीं आपलें कुटुंब ह्या भूमींत राहत होतें असें दाखवावें लागतें. अनुसूचित जातींसाठीं हा दिवस १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठीं ६ सप्टेंबर १९५०, इतर मागासवर्गीयांसाठीं १३ ऑक्टोबर १९६७, आणि विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठीं २१ नोव्हेंबर १९६१. गोंधळी भटक्या जमातींत मोडतात. नियम वरकरणीं सर्वांस सारखा आहे. पण पुरावा म्हणून जें मागितलें जातें तें सारें स्थिर माणसाचें : शाळा सोडल्याचा दाखला, जन्ममृत्यूच्या नोंदवहींतला उतारा, जमिनीचा किंवा घराचा कागद. ज्याची जात 'भटकी' म्हणूनच सरकारनें मान्य केली, त्याच्याकडून ती सिद्ध करण्यासाठीं एका जागीं राहिल्याचा पुरावा मागणें म्हणजे नदीकडे तिच्या विहिरीचा पत्ता विचारण्यासारखें आहे.

कोणी म्हणेल, सत्तर वर्षांत एखादा कागद करून घ्यावयास काय झालें होतें? प्रश्न रास्त आहे, पण तो विचारण्यापूर्वीं आपण आपल्या घरांतली ट्रंक आठवावी. तींतला एकही कागद आपण पुढें उपयोगी पडेल म्हणून केलेला नाहीं. आजोबा शाळेंत गेले म्हणून शाळेंत नांव राहिलें. वाडा होता म्हणून सिटी सर्व्हेंत नोंद राहिली. नोकरी होती म्हणून निवृत्तिवेतनाचें पुस्तक राहिलें. कागद हा प्रतिष्ठित जीवनाच्या मागें आपोआप पडत जाणारा पाचोळा आहे. ज्याच्या जीवनास तशी फांदीच नव्हती, त्यानें पाचोळा कोठून आणावा?

अमेरिकेंत आणि युरोपांत अशा लोकांस 'बिनकागदी' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. ते परक्या देशांत परवान्यावांचून शिरलेले, किंवा परवाना संपल्यावर राहिलेले मजूर. त्यांच्या बाजूनें आणि त्यांच्या तोंडून निघालेलीं गाणीं हा तिकडे एक मोठा विषय होऊन बसला आहे. आमच्या गोंधळ्यानें कोणतीच सरहद्द ओलांडलेली नाहीं. सोलापूर, तुळजापूर, पंढरपूर ह्यापलीकडे त्याचें पाऊल क्वचितच गेलें असेल. तरी तो बिनकागदीच. म्हणून हा विषय दूरदेशचा न समजतां सोलापुरापासूनच पाहावा असें आम्हांस वाटतें.

सोलापूर मुळीं परगांवच्या माणसांनीं वसविलेलें शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पावभागांत येथें गिरण्या निघाल्या आणि भोंग्याच्या आवाजासरशीं चहूंकडून माणूस आला. तेलंगणांतून पद्मशाली विणकर आले, कानडी मुलखांतून शेतमजूर आले, मराठवाड्यांतून दुष्काळानें हुसकलेलीं कुटुंबें आलीं. आजही येथल्या एकाच बोळांत मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू अशा चार भाषा कानांवर पडतात. त्या वेळीं कोणीं कोणास दाखला विचारला नाहीं. गिरणीला हात हवे होते, आणि हातांना गांव नसतें.

परंतु ह्याच शहरांत दुसऱ्या एका वर्गास मात्र गरजेपेक्षां फार जास्त कागद लाभला. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला. १९११ च्या नव्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यास लागू झाला. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट अशा कित्येक जमाती जन्मानेंच गुन्हेगार ठरल्या. गोंधळी त्या यादींत नव्हते. पण पालांत राहणाऱ्या सर्वांकडेच संशयानें पाहण्याची सवय तेव्हांपासून सरकारास आणि समाजास लागली. अशा जमातींस एका जागीं डांबून 'सुधारण्यासाठीं' इलाख्यांत ठिकठिकाणीं वसाहती काढल्या, त्यांतली एक मोठी वसाहत सोलापुरास होती. तिला तारेचें कुंपण होतें. आंतल्या माणसांनीं गिरणींत काम करावें, मुलांनीं शाळेंत जावें, आणि सर्वांनीं हजेरी द्यावी. बाहेर जावयाचें तर पास घ्यावा. हजेरी चुकली तर शिक्षा भोगावी. ह्या खात्याचे प्रमुख स्टार्ट साहेब हे कळकळीचे गृहस्थ होते, असें त्यांच्या टीकाकारांनाही म्हणावें लागतें. आणि वसाहतीच्या शाळांतून कित्येक मुलें शिकून पुढें आलीं हेंही खरें. परंतु तान्ह्या मुलालासुद्धां जन्मतः गुन्हेगार समजून केलेलें औदार्य हें शेवटीं कुंपणाच्या आंतलेंच औदार्य.

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा कायदा देशभर रद्द झाला. त्या लोकांस 'विमुक्त' असें नांव मिळालें, आणि तो दिवस ते अजून विमुक्तिदिन म्हणून पाळतात. सोलापुरांत आजही 'सेटलमेंट फ्री कॉलनी' नांवाच्या वस्त्या आहेत. रिक्षावाल्यास पत्ता सांगतांना आपण तें नांव सहज उच्चारतों. एका वस्तीच्या नांवांतच 'मोकळी' असा शब्द कां घालावा लागला असेल, हें मनांत येत नाहीं.

येथें एक चमत्कारिक गोष्ट घडली. ज्या सरकारनें ह्या माणसांची हजेरी दररोज लिहून घेतली, त्याच सरकारच्या वारसांनीं पुढें त्यांच्या नातवांस विचारलें कीं तुम्ही कोठले, ह्याचा पुरावा काय? चोर म्हणून नोंद होती तोंपर्यंत त्यांचें नांव, बापाचें नांव, ठिकाण, सारें चोख लिहिलेलें होतें. माणूस म्हणून नोंद करावयाची वेळ आली तेव्हां कागद सांपडेना. सोलापूरचेच कार्यकर्ते बाळकृष्ण रेणके ह्यांच्या अध्यक्षतेखालीं केंद्र सरकारनें विमुक्त व भटक्यांसाठीं राष्ट्रीय आयोग नेमला होता. त्याचा अहवाल २००८ सालीं सादर झाला. ओळखीचे साधे कागदसुद्धां ह्या लोकांजवळ नाहींत, हें गाऱ्हाणें त्यानिमित्त दिल्लीपर्यंत पोहोंचलें. परंतु अहवालासही शेवटीं कागदच म्हणावयाचें.

हजेरी ही अशी एक वही. तींत नांव असतें, पण माणूस नसतो. तिच्यासमोर ह्या लोकांनीं आपली दुसरी वही मांडली, ती तोंडी. तिचें नांव गाणें.

ह्या वहीचे दोन मोठे लेखक आपल्या महाराष्ट्रांत होऊन गेले. अण्णाभाऊ साठे १९२० सालीं सांगली भागांत वाटेगांवीं जन्मले. त्यांच्या मांग समाजावर हजेरीचा जाच होता, आणि तो त्यांच्या 'फकिरा' ह्या १९५९ च्या कादंबरींत जिवंतपणें उतरला आहे. शाळेंत ते दीड दिवसच गेले असें सांगतात. घरचीं सर्व माणसें लहानग्या अण्णासह गांवाहून मुंबईस पायीं चालत गेलीं. दुसरे अमर शेख. हे तर सोलापूर जिल्ह्याचेच, बार्शीचे. १९१६ सालीं एका गरीब मुसलमान घरांत जन्मले. पाळण्यांतलें नांव मेहबूब. आई मुनेरबी निरक्षर, पण ओव्यांची आणि लोकगीतांची खाण. मुलाला गाणें तिच्याकडून मिळालें. गिरणींत मजुरी केली, संपांत पुढें झाला, तुरुंग पाहिला, आणि पुढें सारा महाराष्ट्र त्याच्या बुलंद आवाजानें दणाणला. अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर ह्या तिघांनीं १९४४ सालीं लाल बावटा कलापथक उभारलें. त्यांचें राजकारण आमच्या सर्व वाचकांस मानवेल असें नाहीं, आणि मानवलेंच पाहिजे असा आमचा आग्रहही नाहीं. येथें प्रश्न एवढाच कीं, त्यांनीं डफावर काय नोंदविलें?

अण्णाभाऊंनीं 'मुंबईची लावणी' लिहिली. पठ्ठे बापूरावांनीं ज्या मुंबईचा झगमगाट गाइला, तिच्याच गल्लीबोळांत शिरून त्यांनीं तेथें राबणारा माणूस दाखविला. त्यांची 'माझी मैना गांवावर राहिली' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळींत गांवोगांव गाजली. वरवर पाहतां पोटासाठीं शहरास गेलेल्या एका मजुराचें तें विरहगीत आहे. आणि महाराष्ट्रास अंतरलेल्या सीमाभागाचें दुःखही त्याच रूपकांत आहे. परंतु त्याच्या मुळाशीं जें आहे तें असें : ज्या माणसाला मुंबई नुसता हात समजत होती, त्यालाही एक गांव आहे, त्या गांवीं कोणी वाट पाहत आहे, आणि त्या वाट पाहणाराला नांव आहे. गोंधळ्यानें देवांस दिलेला मान शाहिरानें मजुरास दिला. निषेधाचें गाणें म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें घोषणा आणि वळलेल्या मुठी उभ्या राहतात. तें त्याचें बाह्यांग. त्याचा गाभा उलटी हजेरी हा आहे. सरकारी हजेरी विचारते, 'हा पळाला तर नाहीं ना?' गाणें विचारतें, 'हा आपल्यांतलाच ना?'

मुंबईच्या ह्या बिनगांवच्या माणसांवर एकदां फार निकराचा प्रसंग आला. १९८१ च्या जुलैंत मुख्यमंत्री अंतुले ह्यांनीं जाहीर केलें कीं पदपथांवर राहणारांना उठवून आपापल्या मुलखास परत पाठवावें. २३ जुलैस भर पावसाळ्यांत झोंपड्या पाडल्या गेल्या. त्यांतला एक तामिळनाडूंतील सेलमचा भूमिहीन मजूर होता. १९६१ सालीं, म्हणजे आमच्या गोंधळ्याच्या त्या अडचणीच्या सालींच, तो मुंबईस आला होता. दिवसाला २३ रुपये रोजावर एका कारखान्यांत काम करीत होता. त्याला कुटुंबासह बसगाडींत घालून सेलमला रवाना केलें. बायकोमुलींस तेथें ठेवून तो कामासाठीं पुन्हां मुंबईस परतला, आणि पुन्हां पदपथावर राहूं लागला. कारण सेलमला घर असलें तरी भाकरी मुंबईस होती. हें सारें सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतच नमूद आहे. तो निकाल १० जुलै १९८५ चा, आणि सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड ह्यांनीं लिहिलेला. जगण्याच्या हक्कांत उपजीविकेचा हक्क येतो, हें त्यांत मान्य झालें. तरी झोंपडी काढतांना पर्यायी जागा द्यावी असें जें सांगितलें तें मुख्यतः १९७६ च्या गणनेंत ज्यांस ओळखपत्र मिळालें होतें त्यांच्यासाठीं. पुन्हां कागदच. स्वदेशांतल्या स्वदेशांत माणूस बिनकागदी कसा होतो, हें ह्याहून स्पष्ट कोठें पाहावयास मिळेल?

त्या दिवसांत विलास घोगरे नांवाचा एक शाहीर ह्या वस्त्यांतून गात असे. तोही झोंपडपट्टींतलाच. आनंद पटवर्धन ह्यांच्या 'हमारा शहर' ह्या १९८५ च्या बोलपटांत त्याचा आवाज राहिला आहे. १९९७ च्या जुलैंत घाटकोपरला रमाबाई आंबेडकरनगरांत पोलिसांनीं केलेल्या गोळीबारांत दहा माणसें मेलीं, आणि त्यानंतर चारच दिवसांत ह्या शाहिरानें गळफास घेऊन आपला अंत केला. दुसऱ्यांचीं दुःखें नोंदवून घेणारी वही स्वतः किती जड होत असेल, ह्याचा विचार आपण ऐकणारे सहसा करीत नाहीं.

आतां जरा दूर जाऊं. २८ जानेवारी १९४८ रोजीं, म्हणजे गांधीजींच्या हत्येच्या दोनच दिवस आधीं, अमेरिकेंत कॅलिफोर्नियाच्या लॉस गॅटॉस दरींत एक विमान पेटून कोसळलें. त्यांत ३२ माणसें होतीं. ४ अमेरिकन : वैमानिक, त्याचा सहायक, एक हवाई परिचारिका व एक सरकारी पहारेकरी. उरलेले २८ मेक्सिकोचे शेतमजूर. कोणाचा करार संपला होता, कोणाजवळ परवानाच नव्हता. हंगाम सरल्यावर त्यांची परत पाठवणी चालली होती. बातम्यांतून अमेरिकन माणसांचीं नांवें आलीं. मजुरांचा उल्लेख मात्र नुसता 'हद्दपार केलेले' असा झाला. त्या २८ जणांस फ्रेस्नो येथें एका सामुदायिक खड्ड्यांत पुरलें, आणि वर त्यांचीं नांवें नव्हतीं.

वुडी गथ्री नांवाच्या लोककवीस हें सहन झालें नाहीं. त्यानें त्यावर गीत रचलें. पुढें सुमारें दहा वर्षांनीं मार्टिन हॉफमन नांवाच्या एका शाळामास्तरानें त्याला चाल लाविली, आणि पीट सीगरसारख्या गायकांनीं तें देशभर नेलें. गीताचा सारा रोख एका गोष्टीवर आहे : मेलेल्यांस नांव नव्हतें असें नाहीं, तुम्हीं तें विचारलें नाहीं. कवीस खरीं नांवें माहीत नव्हतीं, म्हणून त्यानें मेक्सिकोंतलीं नेहमींचीं नांवें घेऊन त्यांचा निरोप घेतला. गाणें चालत राहिलें, तसा तो प्रश्नही चालत राहिला. अखेर टिम हर्नांडेझ ह्या लेखकानें आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं जुनीं दप्तरें धुंडाळून नांवें शोधलीं, आणि २०१३ सालीं, पासष्ट वर्षांनीं, त्या खड्ड्यावर २८ नांवांची शिला बसली. सरकारी दप्तरांत नांवें नव्हतीं असें नव्हे. शोधावयास कोणी जावें अशी टोंचणी मात्र गाण्यानें दिली.

तिकडच्या मेक्सिकन लोकांत 'कोरिदो' नांवाचा एक काव्यप्रकार आहे. तो आपल्या पोवाड्याचा सख्खा भाऊ शोभेल. अमुक सालीं, अमुक गांवीं, अमुक माणसावर काय गुदरलें, असा त्याचा आरंभ. 'लॉस तिग्रेस देल नोर्ते' ह्या नांवाजलेल्या वाद्यवृंदाचे गायक स्वतः मेक्सिकोंतून आलेले. त्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत गाइलेल्या एका प्रसिद्ध गीताच्या नांवाचा अर्थ 'सोन्याचा पिंजरा' असा आहे. बिनकागदी बाप पैसा मिळवितो, पण पकडले जाण्याच्या भयानें घराबाहेर पडत नाहीं, आणि त्याचीं मुलें त्याची भाषा विसरतात, असा त्याचा विषय. कुंपणाच्या तारा लोखंडाच्या असोत कीं सोन्याच्या, आंतलें गाणें एकच निघतें.

पण एवढ्या दूरचें उदाहरण तरी कशास हवें? सोलापूर जिल्ह्यांतल्या मंगळवेढ्याची कथा आपण आजीच्या मांडीवर ऐकली आहे. गांवकुसाच्या कामास चोखोबा वेठीस धरले गेले. शके १२६० मध्यें, म्हणजे १३३८ सालीं, तें कुसूं ढांसळलें आणि खालीं कितीतरी मजूर गाडले गेले. नामदेवराय तेथें आले. हाडांच्या ढिगांत चोखोबांचीं हाडें कोणतीं, हें ओळखावें कसें? त्यांनीं एकेक हाड कानाशीं लावलें, आणि ज्यांतून विठ्ठलनाम ऐकूं आलें तीं वेंचून पंढरपुरास महाद्वारापुढें समाधी दिली. ही कथा आपण भक्तीचा महिमा म्हणून ऐकतों, आणि तो आहेच. पण ह्या वेळीं आम्हांस तिची दुसरी बाजू दिसली. भिंतीखालीं सांपडलेल्या बाकीच्या मजुरांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत. ज्याचें गाणें होतें, तेवढा एक ओळखला गेला.

त्याच मंगळवेढें तालुक्यांतलीं कांहीं माणसें १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांतल्या राईनपाडा ह्या गांवीं होतीं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचीं. भिक्षेसाठीं भटकत गेलेलीं. मुलें पळविणारी टोळी फिरते आहे अशी अफवा त्या दिवसांत भ्रमणध्वनींवरून पसरली होती. गांवानें ह्या अनोळखी चेहऱ्यांवर संशय घेतला, आणि जमावानें पांच जणांस ठार मारलें. त्यांतले बहुतेक मंगळवेढ्याकडचे होते. ज्या समाजाचे पूर्वज डौर वाजवीत, राजा भर्तृहरीच्या व गोपीचंदाच्या कथा गात दारोदार फिरले, त्यांस एका दारानें ओळखलें नाहीं. पूर्वीं अशा माणसाचा आवाज वेशीवरच ऐकूं येई, आणि कोण आलें हें घरांतल्या बायका चुलीपाशीं बसून सांगत. त्याचें गाणें हेंच त्याचें ओळखपत्र होतें. आम्हीं तें ऐकावयाचें सोडलें, आणि त्याच्या हातीं दुसरें ओळखपत्र दिलें नाहीं. हा अपराध एका गांवाचा नाहीं.

असो. गाण्यानें सर्व होतें असें सांगून वाचकांची फसवणूक करण्याची आमची इच्छा नाहीं. गाण्यावर धान्य मिळत नाहीं. कचेरींत संबळ वाजवून दाखला निघत नाहीं. गाणें फक्त एवढेंच करतें कीं एका माणसाचें नांव दुसऱ्याच्या कानांत घालतें. पुढचें काम त्या कानाच्या धन्याचें.

त्या सकाळीं आमच्या आप्तांच्या घरीं काय झालें, तें सांगून हा लेख पुरा करतों. गोंधळी कागद घेऊन उठणार, इतक्यांत माजघरांतून अप्पांनीं हांक मारली. अप्पा नव्वदीस टेकले आहेत. ऐकूं कमी येतें, पण संबळ ऐकूं आला होता. त्यांनीं विचारलें, "ह्यांचेच वडील येत असत ना आपल्याकडे? आक्काच्या लग्नांत आले होते." मग म्हणाले, "वही काढा." माळ्यावरची ट्रंक खालीं आली. तींतून वाळवी लागलेल्या जमाखर्चाच्या वह्या निघाल्या. अक्षर मोडी, आणि मोडी वाचतां येणारें माणूस त्या घरांत आतां अप्पांवांचून दुसरें उरलेलें नाहीं. भिंग घेऊन ते तासभर पानें उलटीत राहिले. अखेर माघ शके १८७९ चें पान निघालें. म्हणजे १९५८ सालचें. मांडववाला, वाजंत्री, केळीचीं पानें, आणि त्याखालीं : गोंधळी, नांव, बिदागी रुपये पांच व धोतरजोडी एक. बापाचें नांव वाचल्याबरोबर नायकानें दोन्ही हात जोडले. वहीस जोडले कीं अप्पांस, तें आम्हांस कळलें नाहीं.

त्या नोंदींत दिनांक होता, नांव होतें, आणि 'गोंधळी' हा शब्दही होता. थोरल्या भावानें तिची प्रत काढून, खालीं बाळबोधींत मजकूर लिहून, आम्ही ओळखतों अशी सही करून अर्जास जोडली आहे. कचेरी ती मानील कीं नाहीं, तें अजून कळलेलें नाहीं.

आमच्या वाचकांच्या घरींही अशा वह्या असतील. रद्दींत घालण्यापूर्वीं त्या एकदां उघडून पाहाव्या. आपल्या दारीं ज्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या गाइलें, नाचून दाखविलें, औषधें दिलीं, पाटेवरवंटे टांकले, त्यांचीं नांवें आपल्या आजोबांनीं पैचा हिशेब चुकूं नये म्हणून लिहून ठेवलीं आहेत. तो हिशेब अजून पुरा व्हावयाचा आहे.